गोल्फमधील जीपीएस अंतरमापक

गोल्फमधील जीपीएस अंतरमापक हे मैदानावर खेळाडू उभा असलेल्या जागेपासून ग्रीन, बंकर, पाणवठा इत्यादी ठिकाणांपर्यंतचे अंतर दाखवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून ते स्वतःचे स्थान निश्चित करते आणि त्यात साठवलेल्या मैदानाच्या नकाशाशी ते स्थान ताडून अंतर काढते. हातात धरायचे यंत्र, मनगटी घड्याळ, गोल्फ गाडीवर बसवलेला पडदा आणि मोबाइल फोनवरील अ‍ॅप अशा स्वरूपांत हे उपकरण वापरले जाते.

गोल्फमध्ये प्रत्येक फटक्यापूर्वी दोन गोष्टी ठाऊक असणे आवश्यक असते. लक्ष्य किती दूर आहे ही पहिली आणि हातातील क्लबने आपला चेंडू किती दूर जातो ही दुसरी. अंतरमापक यांपैकी केवळ पहिली गोष्ट सांगतो. दुसरी खेळाडूला सरावातून आणि नोंदींतून स्वतः मिळवावी लागते. त्यामुळे उपकरणाचा खेळाला होणारा लाभ त्याच्या अचूकतेइतकाच खेळाडूच्या आत्मपरीक्षणावरही अवलंबून असतो. नवी मुंबईतील खारघर व्हॅली गोल्फ कोर्ससारख्या डोंगरपायथ्याच्या आणि मुसळधार पावसाच्या प्रदेशातील मैदानावर पडद्यावरील आकडा आणि प्रत्यक्ष मारावयाचे अंतर यांत मोठी तफावत पडू शकते. उपकरणाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा तेथे विशेष स्पष्ट होतात.

## पार्श्वभूमी

उपकरणे येण्यापूर्वी अंतराचा अंदाज नजरेने, अनुभवाने किंवा कॅडीच्या सांगण्यावरून घेतला जात असे. अनेक मैदानांवर ग्रीनच्या मध्यापासून १००, १५० आणि २०० यार्डांवर खुंट, दगडी फरश्या किंवा रंगीत चकत्या बसवलेल्या असतात. काही ठिकाणी पाण्याच्या तुषारसिंचकांच्या झाकणांवरही अंतर कोरलेले असते. जवळच्या खुणेपासून चेंडूपर्यंत पावले मोजून खेळाडू बेरीज किंवा वजाबाकी करतो.

अमेरिकी खेळाडू जॅक निकलॉस यांनी १९६०च्या दशकात अंतरे आधीच मोजून वहीत टिपून ठेवण्याची पद्धत रूढ करण्यात मोठा वाटा उचलला. पुढे व्यावसायिक स्पर्धांत प्रत्येक होलचा आराखडा आणि अंतरे असलेल्या छापील पुस्तिका सर्वत्र वापरल्या जाऊ लागल्या. जीपीएस अंतरमापक हे याच पुस्तिकेचे स्वयंचलित रूप मानता येते. खेळाडूने पावले मोजण्याचे काम उपग्रह करतात, परंतु पुस्तिकेतील माहिती योग्य असण्याची गरज पूर्वीइतकीच राहते.

## इतिहास

जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण विभागाने उभारलेली उपग्रह स्थाननिश्चिती प्रणाली आहे. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये प्रणाली पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाल्याचे जाहीर झाले. १९९०च्या दशकात गोल्फ गाड्यांवर बसवलेले जीपीएस पडदे अमेरिकेत वापरात आले. त्या काळी नागरी वापरासाठीच्या संदेशात हेतुपुरस्सर त्रुटी मिसळली जात असे. त्यामुळे स्थानात अनेक मीटरांचा फरक पडे आणि तो दूर करण्यासाठी मैदानावर स्वतंत्र संदर्भ केंद्र उभारावे लागे. मे २००० मध्ये अमेरिकी शासनाने ही त्रुटी मिसळणे बंद केले. त्यानंतर संदर्भ केंद्राविना चालणारी, खिशात मावणारी उपकरणे शक्य झाली.

२००० नंतरच्या दशकात स्कायकॅडी, गार्मिन इत्यादी नाममुद्रांची हातात धरायची यंत्रे बाजारात आली. स्मार्टफोनच्या प्रसारानंतर अ‍ॅपच्या रूपाने ही सोय अल्प खर्चात किंवा विनामूल्य मिळू लागली आणि पुढे मनगटी घड्याळे लोकप्रिय झाली. क्लबच्या मुठीत बसवलेल्या संवेदकांच्या साहाय्याने प्रत्येक फटक्याची आपोआप नोंद ठेवणाऱ्या प्रणालीही विकसित झाल्या आहेत.

## कार्यपद्धती

जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि आपले स्थान व वेळ सतत प्रक्षेपित करतात. संदेश निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ यांतील फरकावरून उपकरण त्या उपग्रहापासूनचे अंतर काढते. अक्षांश, रेखांश, उंची आणि उपकरणातील घड्याळाची चूक या चार अज्ञात राशी सोडवायच्या असल्याने किमान चार उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात. वेळेच्या मोजणीत एका मायक्रोसेकंदाची चूक झाल्यास अंतरात सुमारे ३०० मीटरांची चूक होते.

स्थान निश्चित झाल्यावर उपकरण आपल्या नकाशातील बिंदूंपर्यंतचे आडवे अंतर मोजते. सर्वसाधारणपणे ग्रीनसाठी तीन आकडे दिले जातात: पुढील कड, मध्य आणि मागील कड. उपग्रहांना झेंडा दिसत नसतो. होलची जागा मैदानाची देखभाल करणारे कर्मचारी वारंवार बदलतात, त्यामुळे त्या दिवशीचे नेमके स्थान उपकरणाला आपोआप कळत नाही. काही उपकरणांत खेळाडूला झेंड्याची खूण पडद्यावर हलवता येते. ग्रीन तिरपे असल्यास त्याची पुढची व मागची कड खेळाडू कोणत्या बाजूने येतो यानुसार बदलते. प्रगत उपकरणे हा कोन विचारात घेतात, साधी उपकरणे ठरावीक बिंदूंपर्यंतचेच अंतर दाखवतात.

भारतातील अनेक गोल्फपटू अंतर यार्डांत सांगतात. एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर. उपकरण मीटरवर असताना आकडा यार्ड समजून वाचल्यास १५० मीटर, म्हणजे प्रत्यक्षात १६४ यार्ड, या अंतराला चेंडू १४ यार्ड कमी पडतो. हा फरक एका क्लबहून अधिक आहे. त्यामुळे नवे उपकरण वापरण्यापूर्वी एकक तपासणे हा प्राथमिक नियम मानला जातो.

## अचूकता

मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनची स्थाननिश्चिती साधारणतः ४.९ मीटर त्रिज्येच्या आत अचूक असते, असे अमेरिकी शासनाच्या जीपीएसविषयक माहितीत नमूद आहे. सलग येणाऱ्या दोन आयर्न क्लबांच्या अंतरात हौशी खेळाडूच्या बाबतीत साधारण १० यार्डांचा फरक असतो. म्हणजे उपकरणाची चूक सामान्यतः अर्ध्या क्लबएवढी असते. बहुतेक हौशी खेळाडूंच्या एकाच क्लबच्या दोन फटक्यांत याहून बराच अधिक फरक पडत असल्याने ही अचूकता व्यवहारात पुरेशी ठरते.

त्रुटीची मुख्य कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

- आयनांबर: वातावरणाच्या वरच्या थरातील विद्युत्भारित कणांमुळे संदेशाला विलंब होतो. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात हा थर अधिक सक्रिय असल्याने भारतात या विलंबाचे प्रमाण मोठे असते. तो दुपारी वाढतो. सूर्यास्तानंतर काही काळ संदेशात चढउतारही होऊ शकतात.
- परावर्तन: उंच इमारती, कडे आणि धातूचे पत्रे यांवर आपटून आलेला संदेश लांबच्या मार्गाने पोहोचतो आणि स्थान सरकते.
- आकाशाचा अडसर: एका बाजूला डोंगर किंवा दाट झाडी असल्यास त्या दिशेचे उपग्रह दिसत नाहीत. उरलेले उपग्रह एकाच बाजूला गोळा झाले असल्यास अचूकता घटते.
- नकाशातील चूक: ग्रीन नव्याने बांधले, टी हलवली किंवा होलांचा क्रम बदलला, तरी उपकरणातील नकाशा अद्ययावत केलेला नसतो. ही चूक उपग्रहांच्या चुकीपेक्षा मोठी असू शकते आणि पडद्यावर तिचा कोणताही इशारा मिळत नाही.
- मोजणीची जागा: गाडीवरील पडदा गाडीपासूनचे अंतर दाखवतो, चेंडूपासूनचे नव्हे. गाडी रस्त्यावर आणि चेंडू फेअरवेच्या पलीकडच्या कडेला असल्यास दोन्हींत लक्षणीय फरक पडतो.

भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्था यांनी संयुक्तपणे विकसित केलेली गगन ही प्रणाली आयनांबरामुळे होणाऱ्या त्रुटीची दुरुस्ती उपग्रहामार्फत प्रसारित करते. ती मुख्यतः विमान वाहतुकीसाठी आहे, परंतु तिचे संदेश घेऊ शकणाऱ्या अन्य उपकरणांनाही तिचा लाभ होतो. भारताची नाविक, रशियाची ग्लोनास आणि युरोपची गॅलिलिओ या प्रणालींचे उपग्रह वापरणाऱ्या उपकरणांना अधिक संदेश उपलब्ध होतात. डोंगराच्या कुशीतील मैदानावर हा फायदा विशेष असतो.

उपकरणाची चाचणी घेण्याची सोपी पद्धत म्हणजे मैदानावरील १५० यार्डांच्या खुणेवर उभे राहून ग्रीनच्या मध्याचा आकडा पाहणे. दोन-तीन होलांवर एकाच दिशेने सारखा फरक आढळल्यास तो त्या मैदानासाठी लक्षात ठेवता येतो. एकाच होलवर फरक आढळल्यास त्या होलचा नकाशा किंवा ती खूण यांपैकी एक चुकीची असण्याची शक्यता असते.

## लेझर अंतरमापकाशी तुलना

लेझर अंतरमापक प्रकाशाची स्पंदने सोडून ती लक्ष्यावरून परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतर काढतो. झेंड्याच्या दांडीपर्यंतचे अंतर तो साधारण एका यार्डाच्या आत अचूक देतो. मात्र लक्ष्य दिसावे लागते आणि हात स्थिर असावा लागतो. नेम चुकल्यास दांडीऐवजी मागच्या झाडाचे अंतर मिळते.

जीपीएस अंतरमापकाला लक्ष्य दिसण्याची गरज नसते. उंचवट्यामागचे ग्रीन, वळणापलीकडचा बंकर किंवा फेअरवे ओलांडणारा ओढा यांची अंतरे तो सांगू शकतो. पाऊस, धुके आणि ढग यांचा उपग्रह संदेशांवर व्यवहारात नगण्य परिणाम होतो. लेझरचा प्रकाश मात्र पावसाच्या थेंबांवर व धुक्यात विखुरतो. त्यामुळे कोकणपट्टीतील पावसाळ्यात जीपीएस उपकरण अधिक भरवशाचे ठरते. झेंडा कोठे आहे हे लेझर सांगतो आणि झेंड्याभोवती काय आहे हे जीपीएस सांगतो, असा या दोहोंतील भेद थोडक्यात मांडता येतो. काही खेळाडू दोन्ही जवळ बाळगतात.

## नियम

गोल्फचे नियम आर अँड ए आणि युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन या संस्था संयुक्तपणे ठरवतात. पूर्वी अंतर मोजणारे उपकरण वापरण्यास मुळात बंदी होती आणि स्पर्धा समितीने स्थानिक नियम करून परवानगी दिली तरच ते वापरता येत असे. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमावलीने ही स्थिती उलटवली. नियम ४.३ अन्वये अंतर व दिशा यांची माहिती घेण्यास सर्वसाधारण परवानगी आहे. समितीला बंदी घालायची असल्यास तसा स्थानिक नियम करावा लागतो.

पुढील गोष्टींना मात्र फेरीदरम्यान मनाई आहे.

- उपकरणाने चढ-उताराची उंची मोजणे किंवा उंची गृहीत धरून सुधारलेले अंतर घेणे
- खेळाडूच्या चेंडूच्या स्थानावरून कोणता क्लब घ्यावा किंवा कोणत्या रेषेत मारावे याची शिफारस घेणे
- उपकरणाने मैदानावरील वाऱ्याचा वेग मोजणे

पहिल्या उल्लंघनास सामान्य दंड, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके आणि मॅच प्लेमध्ये होल गमावणे, अशी तरतूद आहे. दुसऱ्या उल्लंघनास खेळाडू अपात्र ठरतो. उंची दाखवणारी सुविधा असलेले उपकरण ती सुविधा बंद ठेवून वापरता येते. ग्रीनचा उतार दाखवणाऱ्या नकाशांवरही मर्यादा आहे आणि ते १:४८० पेक्षा मोठ्या प्रमाणात दाखवता येत नाहीत. स्पर्धेत भाग घेणाऱ्या खेळाडूने पहिल्या टीवर जाण्यापूर्वी ही मांडणी तपासणे आवश्यक असते, कारण अ‍ॅप अद्ययावत झाल्यावर बंद केलेली सुविधा पुन्हा सुरू झालेली असू शकते.

व्यावसायिक पातळीवर पीजीए ऑफ अमेरिका या संस्थेने २०२१ पासून आपल्या प्रमुख स्पर्धांत अंतरमापकांना परवानगी दिली. त्या वर्षी किआवा आयलंड येथे झालेली पीजीए चॅम्पियनशिप ही अशी परवानगी असलेली पुरुषांची पहिली प्रमुख स्पर्धा ठरली.

## खेळ सुधारण्यासाठी उपयोग

### अंतराचे महत्त्व

कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकी व्यावसायिक दौऱ्यातील फटक्यांच्या विस्तृत नोंदींचे विश्लेषण केले. त्यांच्या निष्कर्षानुसार उत्कृष्ट खेळाडूंना इतरांवर मिळणाऱ्या आघाडीपैकी सुमारे ४० टक्के वाटा ग्रीनकडे मारलेल्या लांबच्या फटक्यांचा असतो, तर पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्के असतो. ग्रीनकडचा फटका हाच अंतराच्या माहितीवर सर्वाधिक अवलंबून असतो. अंतरमापकाचा लाभ मुख्यतः याच फटक्यावर दिसण्याचे हे कारण आहे.

### स्वतःच्या अंतरांची सारणी

चेंडू हवेतून जितका जातो त्याला कॅरी म्हणतात. जमिनीवर पडल्यानंतर तो जितका घरंगळतो ते अंतर यात धरले जात नाही. बंकर किंवा पाणी ओलांडताना केवळ कॅरी उपयोगी पडते. प्रत्येक क्लबची कॅरी ठरवताना सर्वोत्तम फटका न घेता किमान दहा फटक्यांची सरासरी आणि त्यांतील विखुरण पाहावी, असे मानले जाते.

उदाहरणादाखल एका खेळाडूच्या सात नंबर आयर्नच्या दहा फटक्यांची कॅरी यार्डांत १२८, १३६, १३९, १४१, १४४, १४५, १४७, १४८, १५० आणि १५२ अशी असल्याचे मानू. असा खेळाडू बहुधा आपला सात नंबर "१५० यार्डांचा" असल्याचे सांगेल. सरासरी मात्र १४३ यार्ड येते आणि दहांपैकी केवळ दोन फटके १५० किंवा त्यापुढे गेलेले आहेत.

### पुढची कड, मध्य आणि मागची कड

याच खेळाडूला उपकरण ग्रीनची पुढची कड १३८, मध्य १५० आणि मागची कड १६३ यार्ड दाखवते, असे समजू. ग्रीनच्या अगदी पुढे बंकर आहे. मध्याचा आकडा पाहून सात नंबर घेतल्यास दहांपैकी दोन फटके ग्रीनपर्यंत पोहोचत नाहीत आणि बाकीच्यांपैकी बहुतेक पुढच्या अर्ध्या भागात पडतात. सहा नंबर आयर्नने प्रत्येक फटका १० यार्ड अधिक जातो असे धरल्यास दहा फटके १३८ ते १६२ यार्डांत येतात, म्हणजे दिशा योग्य असल्यास सर्व ग्रीनच्या खोलीत बसतात.

या उदाहरणात अंतरमापकाचा आकडा दोन्ही वेळा तोच आहे. फरक पडतो तो तीन आकडे एकत्र वाचण्याने आणि स्वतःच्या विखुरणीची जाणीव असण्याने. मागच्या कडेचा आकडा विशेष महत्त्वाचा असतो, कारण पुरेशा मोठ्या क्लबने ग्रीन ओलांडले जाईल ही भीती अनेकदा निराधार असल्याचे तो दाखवून देतो.

### धोके टाळणे

टीवरून खेळताना उपकरण दोन अंतरे देऊ शकते: बंकर सुरू होतो तेथपर्यंतचे आणि तो ओलांडण्यासाठी लागणारे. ड्रायव्हरचे बहुतेक फटके या दोन आकड्यांच्या दरम्यान पडत असतील तर लहान क्लब घेऊन बंकरच्या अलीकडे थांबणे हिताचे ठरते. लांब होलवर दुसरा फटका थांबवताना पुढचा फटका आपल्या सरावातील अंतरावरून खेळता येईल अशी जागा निवडणे, हाही उपकरणाचा प्रचलित उपयोग आहे.

### नोंदी आणि सराव

फटका मारल्याची जागा आणि चेंडू सापडल्याची जागा नोंदवून उपकरण फटक्याची लांबी काढते. ही लांबी कॅरी नसून घरंगळण्यासह एकूण अंतर असते. टणक जमिनीवरील नोंदींतून तयार झालेली सरासरी मऊ जमिनीवर किंवा पाणी ओलांडताना वापरल्यास खेळाडूची फसगत होते. त्यामुळे कोरड्या आणि ओल्या हंगामांच्या नोंदी वेगळ्या ठेवणे उपयुक्त असते.

अंदाज शिकण्यासाठीही उपकरण वापरले जाते. खेळाडू आधी स्वतः अंतर ठरवतो आणि मगच पडद्याकडे पाहतो. बंदी असलेल्या स्पर्धेत किंवा विजेरी संपल्यावर हा सराव कामी येतो.

### खेळाचा वेग

नियमावली एका फटक्यासाठी ४० सेकंदांपेक्षा अधिक वेळ न घेण्याची शिफारस करते. चेंडूपर्यंत चालत जातानाच मनगटावरील आकडा वाचला गेल्यास पावले मोजण्याचा वेळ वाचतो. याउलट प्रत्येक फटक्यापूर्वी फोन खिशातून काढून नकाशा मोठा-लहान करत बसल्यास खेळ मंदावतो.

## नवी मुंबईतील परिस्थिती

खारघर व्हॅली गोल्फ कोर्स हे सिडको या महामंडळाने नवी मुंबईतील खारघर येथे विकसित केलेले मैदान आहे. पांडवकडा धबधब्यासाठी प्रसिद्ध असलेल्या डोंगरांच्या पायथ्याशी, सेंट्रल पार्कच्या परिसरात ते वसले आहे. मुंबई परिसरातील जुनी मैदाने, उदाहरणार्थ १९२७ मध्ये स्थापन झालेला चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, सभासदांच्या संस्थांची आहेत. खारघरचे मैदान सार्वजनिक उपक्रम म्हणून उभारले गेले. आरंभी ११ होलांचे मैदान म्हणून ते खेळासाठी खुले झाले आणि १८ होलांपर्यंत विस्तार करण्याचे नियोजन सिडकोने केले. टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या अशा मैदानाबाबत उपकरणातील नकाशा कोणत्या टप्प्याचा आहे हे पाहणे आवश्यक असते.

### चढ-उतार

डोंगरपायथ्याच्या जमिनीवर टी आणि ग्रीन यांच्या उंचीत फरक असतो. नकाशावरील आडवे अंतर १५० यार्ड आणि ग्रीन १० यार्ड उंचावर असल्यास सरळ तिरपे अंतर केवळ १५०.३ यार्ड भरते. तरीही असा फटका सुमारे १६० यार्डांचा समजून खेळावा लागतो. याचे कारण चेंडूच्या उतरण्याच्या मार्गात आहे. मधल्या आयर्नचा चेंडू साधारण ४५ अंशांच्या आसपास खाली येतो. उंचावरील ग्रीन त्याला वाटेतच अडवते आणि पुढचे सुमारे १० यार्ड कमी होतात. ग्रीन तितकेच खाली असल्यास त्याच प्रमाणात अंतर वाढते. ड्रायव्हरसारख्या क्लबने मारलेला चेंडू अधिक पसरट कोनात उतरत असल्याने हा फरक आणखी मोठा होतो.

स्पर्धेत उंची मोजण्यास मनाई असली तरी आपल्या नेहमीच्या मैदानावरील प्रत्येक ग्रीनचा चढ-उतार सरावाच्या दिवशी मोजून टिपून ठेवणे नियमबाह्य नाही. फेरीपूर्वी गोळा केलेली अशी माहिती खेळताना वापरता येते.

### पावसाळा

नवी मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी पावसाचा जोर असतो. ओल्या फेअरवेवर चेंडू पडल्या जागी थांबतो किंवा जमिनीत रुततो. रुतलेल्या चेंडूसाठी नियम १६.३ अन्वये सामान्य क्षेत्रात विनादंड सवलत मिळते, परंतु गमावलेले घरंगळणे परत मिळत नाही. मे महिन्यात टणक जमिनीवर नोंदवलेली ड्रायव्हरची सरासरी जुलैत भरून वाहणारा ओढा ओलांडण्यासाठी विश्वसनीय नसते. ओल्या गवतातून मारताना क्लबचे पाते आणि चेंडू यांच्यामध्ये पाणी येते, फिरकी कमी होते आणि चेंडूचे अंतर अनिश्चित बनते.

हवा दमट असल्याने ती "जड" असते आणि चेंडू कमी जातो, असा समज रूढ आहे. वास्तविक पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पावसाळ्यात अंतर घटण्याची कारणे ओली जमीन, समोरचा वारा आणि ओल्या मुठी ही आहेत.

### वारा आणि उंची

पावसाळ्याखेरीजच्या महिन्यांत किनारपट्टीवर दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वारे वाहतात. सकाळी आणि दुपारी त्याच टीवर उपकरण तोच आकडा दाखवते, परंतु योग्य क्लब वेगळा असू शकतो.

समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचाही परिणाम होतो. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात हवा विरळ असल्याने चेंडू समुद्रसपाटीच्या तुलनेत ढोबळमानाने दोन टक्के अधिक जातो. पुण्याच्या मैदानावर १५० यार्डांची कॅरी असलेला क्लब नवी मुंबईत सुमारे १४७ यार्ड जातो. फरक लहान असला तरी ग्रीनच्या पुढच्या कडेवरील बंकर ओलांडताना तो निर्णायक ठरू शकतो.

## कॅडी आणि उपकरण

भारतातील अनेक मैदानांवर कॅडी खेळाडूसोबत असतो. ग्रीनचा उतार, वाऱ्याची सवय, पावसानंतर पाणी साचणाऱ्या जागा आणि एखाद्या खेळाडूचा नेहमीचा चुकीचा फटका यांची माहिती त्याला दीर्घ निरीक्षणातून मिळालेली असते. अंतर सांगण्याचे त्याचे काम उपकरणाने काही प्रमाणात घेतले आहे. मात्र क्लबची शिफारस करण्यास नियम उपकरणाला मनाई करतात, तर कॅडीला तशी मुभा आहे. उपकरणाचा आकडा आणि कॅडीचा सल्ला यांत तफावत आढळल्यास बहुधा दोघे वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात: उपकरण आडवे अंतर सांगते आणि कॅडी चढ, वारा व ओल धरून मारावयाचे अंतर सांगतो.

## मर्यादा

जीपीएस सतत चालू ठेवल्यास फोनची विजेरी लवकर उतरते आणि उन्हात पडदा वाचणे अवघड जाते. काही अ‍ॅपना नकाशा उतरवून घेण्यासाठी इंटरनेट जोडणी लागते, त्यामुळे फेरीपूर्वीच तो उतरवून ठेवणे सोयीचे असते. काही उपकरणांचे नकाशे किंवा प्रगत सुविधा यांसाठी वार्षिक शुल्क आकारले जाते.

अचूक आकड्यामुळे फटकाही अचूक येईल असा भ्रम निर्माण होणे, ही सर्वांत महत्त्वाची मर्यादा आहे. पडद्यावर १४७ दिसल्याने ज्याची विखुरण २० यार्डांची आहे त्या खेळाडूचा चेंडू १४७ वर पडत नाही. नवशिक्या खेळाडूसाठी चेंडूशी स्वच्छ संपर्क साधणे हे अंतर जाणण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे असते, आणि त्या टप्प्यावर मैदानावरील १५० यार्डांच्या खुणा पुरेशा ठरतात. आपल्या क्लबांची सरासरी कॅरी ठाऊक झाल्यानंतर मात्र त्याच खेळाडूला उपकरणाचा खरा उपयोग सुरू होतो, कारण पडद्यावरील अंतर ताडून पाहण्यासाठी त्याच्याजवळ स्वतःचा आकडा असतो.